एप्रिल फूल, गुढीपाडवा आणि आपला शिमगा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘एप्रिल फूल हा दिवस इंग्रजांनी हिंदू नववर्षाची टिंगल करण्यासाठी काढला’ हा मजकूर मार्च सरत आला की दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. यंदा नातवाला शाळेत सोडायला गेलो असता तो चक्क फळ्यावर, सुविचाराच्या जागी लिहिलेला दिसला. मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला होता. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे पाहवले नाही, म्हणून हे पत्र.

एदुआर्द द देने या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) कवीची १५६१ सालची एक विनोदी कविता आहे. तीत एक सरदार आपल्या नोकराला १ एप्रिल रोजी एकामागून एक बिनकामाच्या कामांवर पिटाळतो आणि आपली फजिती चालली आहे हे नोकराच्या हळूहळू ध्यानात येते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती १६०० सालच्या अगदी अखेरीस, म्हणजे या कवितेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. शिवाय आपला पाडवा तिथीने येतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. अशा सरकत्या सणाला हिणवण्यासाठी कोणी एकच तारीख कायमची का नेमील?

वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापली जाणारी दुसरी कथाही तपासून घ्यावी, अशी विनंती आहे. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६४ साली वर्षारंभ १ जानेवारीला आणला आणि जुन्या प्रथेप्रमाणे एप्रिलच्या सुमारास नववर्ष पाळत राहिलेल्यांना लोक ‘मूर्ख’ म्हणू लागले, अशी ती कथा. ती ऐकायला पटते, परंतु वरील कविता या हुकुमाच्या तीन वर्षे आधीची आहे. इंग्लंडमध्ये तर वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीला आला तो १७५२ मध्ये; पण तिथले लेखक जॉन ऑब्री यांनी मूर्खांच्या या दिवसाची नोंद १६८६ मध्येच केली आहे आणि १६९८ साली लंडनच्या टॉवरमध्ये सिंहांना आंघोळ घालतात असे सांगून लोकांना तिथवर धाडण्यात आले होते. खरे पाहता या दिवसाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि तसेच छापण्यात कमीपणा काही नाही. १९८३ साली अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांनी या दिवसाचा उगम म्हणून कुगेल नावाच्या एका दिवसाच्या विदूषक-राजाची कहाणी वार्ताहराला रचून सांगितली, आणि मोठ्या वृत्तसंस्थेने ती खरी समजून देशभर पाठवली!

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील कर्नल पिअर्स या इंग्रज अधिकाऱ्याने एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत लिहून ठेवले आहे की, होळीच्या दिवसांत इथले लोक एकमेकांना फसव्या कामांवर पाठवतात, गेलेला माणूस हात हलवत परतला की हसतात, आणि ही रीत इंग्लंडकडच्या एप्रिलमधील थट्टेसारखीच आहे. म्हणजे ज्या इंग्रजांवर आपण टिंगलीचा आरोप करतो, त्यांच्यापैकीच एकाला आपल्या सणात आणि स्वतःच्या चालीत साम्य दिसले होते.

त्याने लिहिले त्यात आपल्या शिमग्याचे बरेचसे आलेले नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी होळीसाठी शेणी आणि लाकडे पळवली जात, परसातली मोडकी खाट किंवा कुंपणाचे फाटकही त्यात जाई, आणि एकदा होळीत पडलेली वस्तू मालकाने परत मागायची नाही, असा संकेत होता. एरवी ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्या कर्त्या माणसाच्या नावानेही त्या रात्री पोरे बोंब मारीत आणि तो ऐकून घेई. त्या फ्लेमिश कवितेत धनी नोकराची फजिती करतो. आमच्याकडे धाकटे थोरांची करीत. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये दुपारी बारानंतर थट्टा करणाराच मूर्ख ठरतो, तशी आमची मुभाही सणापुरतीच असे. दुसऱ्या दिवशी त्याच घरी आम्ही पुरणपोळी खायला जात असू.

आपण या प्रथेबद्दल दरवर्षी मजकूर छापता. पुढच्या वर्षी तो फाल्गुनातच छापावा आणि सातारा-सांगलीकडच्या वयस्क वाचकांकडून शिमग्याच्या खोड्यांच्या आठवणी मागवाव्यात. माझ्या गावच्या आठवणी मी आत्ताच लिहायला घेतल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली