आम्ही इथेच राहत आहोत, मुलांसह

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावाने तुम्हा दोघांना सलाम.

तुम्ही स्वतः एकदाही विचारले नाही, पण दादाच्या प्रत्येक फोनमध्ये आम्ही परत कधी येणार हाच प्रश्न असतो, म्हणून उत्तर आधी देते. जूनमध्ये आमची इथल्या मिशनच्या कामाची मुदत संपत होती. ती आम्ही वाढवून घेतली आहे आणि संस्थेला तसे लेखी कळवले आहे. दोन्ही मुले आमच्याजवळच राहतील. थोरलीला वसतिगृहात घालणार नाही. बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर आम्ही अहिल्यानगरला येऊ, अशी तुमची आशा होती हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला इतके दिवस लागले.

आई, तू आयुष्यभर रुग्णसेवा केलीस, त्यामुळे निदान तुला तरी हे पटेल असे वाटते. तुमच्या वेळी नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर हिवाळ्यात मुले हातापायांच्या कळांनी रात्रभर रडायची आणि तुम्ही शेक देण्यापलीकडे काही करू शकत नव्हता, असे तू सांगायचीस. त्यांतल्या कितीतरी मुलांना सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, असणार. आता बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकला की काही मिनिटांत कळते: द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी करायची. सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरवले, तेव्हापासून तपासणीला वेग आला आहे. पण तपासणी एका दिवसात होते आणि कळा कमी ठेवणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यावी लागते. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, तिथे पाणी कमी प्यायले जाते, थंडीत उघड्यावर झोपणे होते, गोळ्या संपतात, आणि मूल कळांनी आडवे झाले की मुकादमाला ते काम टाळण्याचे निमित्त वाटते. निघण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन गोळ्यांची पुडी हातात द्यायची, परतल्यावर रक्ताची तपासणी होते की नाही ते पाहायचे, लग्न ठरण्याआधी दोन्ही घरच्यांना समजावायचे की मुलगा-मुलगी दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार मुलांना देऊ शकणारे, असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे काम अनोळखी माणसाचे कोणी ऐकत नाही. माझे ऐकतात, कारण मला त्यांची पावरी भाषा बोलता येते आणि त्यांच्या सुना मला आपल्या मनातले सांगतात. नवीन सिस्टर आली तर तिला इथवर पोचायला काही वर्षे जातील, आणि ती वर्षे या मुलांना परवडणारी नाहीत.

आता मुलांविषयी, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते, संध्याकाळी हे तिचे गणित आणि इंग्रजी घेतात. पुढे दहावीची परीक्षा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, देता येते, ते प्रमाणपत्र सगळीकडे चालते, आणि अकरावीला ती हवी तर तुमच्याकडे येऊन राहील. धाकटा तर मराठीपेक्षा पावरीत जास्त भांडतो. होळीला मोरपिसांचे टोप घालून, अंगावर राखेचे ठिपके काढून पोरे ढोलावर नाचतात, तेव्हा तोही आमच्याबरोबर कडेला उभा राहून पाहतो. ज्यांच्या ओसरीवर आपण बसतो त्यांच्या सणाला नावे ठेवायची नाहीत, हे बाबांनीच आम्हाला शिकवले.

वसतिगृहाबद्दल मी जे लिहिणार आहे ते कृपा करून मनाला लावून घेऊ नका. मिशनच्या कामातल्या लोकांची मुले दूर शिकायची, हा शिरस्ताच होता. परदेशी मिशनऱ्यांची मुले मसुरीच्या शाळेत जायची, कोडाईकनालची शाळा तर १९०१ मध्ये याच गरजेतून सुरू झाली, आणि आपल्या माणसांनी ऐपतीप्रमाणे जवळची वसतिगृहे शोधली. तेव्हा पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा, मलेरियाने घरेच्या घरे आडवी व्हायची, पाड्यावर शाळा नव्हती. तुमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. बाबा, काळ्या पेटीवर तुम्ही पांढऱ्या रंगाने माझे नाव लिहिलेत आणि शेवटचे अक्षर मावेना म्हणून ते खाली बारीक काढलेत. वसतिगृहात दिवे मालवले की मी त्या अक्षरावरून बोट फिरवत झोपायची. मला तिथे कोणी त्रास दिला नाही, मी चांगली शिकले, तुमच्यावर माझा कधीच राग नव्हता आणि आजही नाही. आज रस्ता आहे, फोन आहे, शाळा आहे, म्हणून मला तो मार्ग घ्यावा लागत नाही, एवढेच.

आई, फोनवर तू म्हणालीस, ‘मनोहरपूर विसरलीस का?’ नाही विसरले. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या त्या गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमोथी या त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळले, त्या आठवड्यात तू आमच्या खाटेजवळच जमिनीवर झोपायचीस. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स त्यानंतरही बारीपद्याला कुष्ठरोग्यांमध्ये २००४ पर्यंत काम करत राहिल्या. तेवढे बळ माझ्यात आहे असे मी म्हणत नाही. पण आम्ही काळजी घेतो. रात्रीचा प्रवास करत नाही, कुठेही जाण्यापूर्वी सरपंच आणि पोलीस पाटील यांना सांगून जातो, आणि औषधाच्या खोलीत प्रार्थनेचा विषय काढायचा नाही हा आमचा पक्का नियम आहे. ज्याला उपासनेला यायचे तो रविवारी आपल्या पायांनी येतो. आजारी मुलाच्या आईला आपल्या गोळीचे ओझे वाटता कामा नये, आणि या बाबतीत आम्ही कोणाचीही भीड ठेवत नाही.

आमची आबाळ होत नाही. घराला फरशी आहे, सौर दिवा रात्रभर पुरतो, पाणी उकळून गाळूनच पितो, खाटांना मच्छरदाण्या आहेत आणि सापाच्या विषावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की नाही हे मी दर महिन्याला स्वतः जाऊन बघते. शेजारची म्हातारी रोज एक भाकरी जास्त थापते आणि धाकट्याला देते.

आता माझे ऐका. बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने तर बंद करायचीच नाही. रोज रात्री तळपाय उजेडात पाहायचे, साखर असलेल्या माणसाला जखम झालेली कळत नाही. अंधार पडल्यावर स्कूटर बंद. आई, तू गुडघ्यांवर बसून उपासनेच्या दिवशी मंदिराची फरशी पुसतेस हे मला दादाने सांगितले आहे. ते तरुण मंडळीला करू दे. देव खुर्चीवर बसून केलेली प्रार्थनाही ऐकतो. स्वयंपाकाला बाई लावा, पैसे मी आणि दादा मिळून देऊ, यावर चर्चा नको.

नाताळला आम्ही चौघेही येत आहोत आणि नवे वर्ष तुमच्याबरोबर काढूनच परतू. करंज्या मी आल्यावर करू, एकटीने घाट घालू नकोस. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख त्याच सुमारास घ्या आणि ठरली की लगेच कळवा, म्हणजे मी रजेचा अर्ज त्याप्रमाणे देईन.

तुमची,
बेबी