एका सहीबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ ऑगस्टला अवयवदान दिन झाला. १९९४ मध्ये याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण झालं, म्हणून हा दिवस. मला मिळालं ते मूत्रपिंड, दोन वर्षांपूर्वी. दात्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत, त्यामुळे आभाराचं पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं ते कळत नाही. ते घर कदाचित तुमचा पेपर घेत असेल, म्हणून हा खटाटोप.

मी कसबा पेठेत ब्लाऊज शिवते. आधी साडेचार वर्षं डायलिसिस: सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. सुयांचं एवढं नाही, तहान वाईट. दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं. मे महिन्यात मी माठाकडे पाठ करून शिवणाच्या मशीनवर बसायची.

यादीत नाव लागल्यावर पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा रात्रभर उपाशी बसले आणि क्रॉसमॅच (दात्याशी माझं रक्त जुळतं का, ती तपासणी) जुळला नाही म्हणून परत आले. दुसऱ्यांदा जुळला. शुद्धीवर आले तर सिस्टर पिशवी दाखवत म्हणाल्या, "काकू, बघा किती लघवी झाली!" कित्येक वर्षं ती जवळजवळ बंदच होती. पेपरात लिहायची गोष्ट नव्हे, पण त्या पिशवीला मी मनातल्या मनात हात जोडले.

त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी घरात काय चाललं होतं, हे मला बरंच नंतर सुचलं. मेंदूमृत माणसाचं अंग गरम असतं, व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते. डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात आणि मग घरच्यांना विचारतात. त्या माणसाने स्वतः फॉर्म भरून ठेवला असला, तरी शेवटी घरच्यांचा होकार लागतोच.

हे मी सांगते, कारण माझे सासरे गेले तेव्हा आम्हाला फक्त डोळ्यांचं विचारलं होतं. त्यांनी फॉर्मही भरला होता. आत्याबाई म्हणाल्या, "पुढच्या जन्मी दादा आंधळा होईल." मी थोरली सून, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हणाले, नको. डोळे साधारण सहा तासांपर्यंत घेता येतात, म्हणजे विचार करायला वेळ होता. तो मी आल्यागेल्यांचा चहा करण्यात घालवला.

दात्याच्या घरच्यांनो, तुमच्याकडे तर श्वास चालू दिसत होता, आणि तुम्ही सही केलीत. त्या वेळी घरात कुणी "नको" म्हणालं असेल, तर त्यांच्यावर राग धरू नका. मी त्यातलीच.

बाकी माझं ठीक आहे. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची वेळ चुकवत नाही. गर्दीत जायचं नाही, म्हणून विसर्जनाला कसब्याची पालखी खिडकीतूनच पाहिली. डाव्या हातातली फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, अजून गुरगुरते, पायाखाली मशीन चालू असावं तशी. परवा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा, १.१ आलं, म्हणजे चांगलं. रिपोर्ट घेऊन रिक्षात बसले आणि वाटलं, हा आकडा आधी तुम्हाला कळवायला हवा.

(कृपया नाव छापू नये.)
– एक शिवणकाम करणारी, कसबा पेठ, पुणे