पुरावा बँकांच्या दप्तरी आहे, तो आमच्या माणसांकडे मागू नका

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशात नोकरी करणाऱ्यांनी गावी घर घेताना पैशाचा स्रोत सिद्ध करण्याबाबत

महोदया,

सादर नमस्कार.

मी सोलापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत यंत्रमाग कामगारांची आणि विडी कामगारांची मुलं पुष्कळ आहेत. कुणी शारजात एसी मेकॅनिक, कुणी मस्कतला वेल्डर, कुणी रियाधच्या दवाखान्यात नर्स. अलीकडे पुण्याच्या आयटी कंपनीतून अमेरिकेला गेलेलेही येतात. परदेशात राहून त्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे जुळे सोलापूरला किंवा होटगी रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट, एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. ते घर घ्यायला कायद्याची मुभा आहे. पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे तेही नियमांत स्पष्ट आहे: परदेशातून बँकेमार्फत आलेली रक्कम, नाहीतर एनआरई, एनआरओ किंवा एफसीएनआर ही अनिवासी भारतीयांसाठीची बँक खाती. यात काही वाद नाही. वाद सुरू होतो तो ‘हा पैसा आला कुठून’ या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली की.

हा प्रश्न विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. जमिनीत आणि फ्लॅटमध्ये काळा पैसा मुरतो हे आम्ही रोज पाहतो. हवालाचा पैसा परदेशी कमाईच्या नावाखाली खपवणारेही आहेत, त्यांना जरूर पकडा. पण ज्यानं पै न् पै बँकेतून पाठवली त्याच्यावरच आज सिद्ध करण्याचं सगळं ओझं पडतं, आणि जो पुरावा त्याच्याकडून मागितला जातो तो त्याच्या हातात कधी आलेलाच नसतो. यासाठी हे पत्र.

एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. आई अक्कलकोट रोडच्या बाजूला राहते, आयुष्यभर विड्या वळल्या. मुलगा आखातात गेला तेव्हा घरात एकच बँक खातं होतं, आईचं. दर महिन्याला मुलगा तिथल्या एक्स्चेंज हाऊसमधून, म्हणजे मायदेशी पैसे पाठवणाऱ्या पेढीतून, त्याच खात्यात पैसे टाकायचा. घरखर्च भागून उरतील ते आई मुदत ठेवीत ठेवायची, पुढं घर घ्यायचं म्हणून. एका वर्षी नव्या ठेवींची बेरीज दहा लाखांच्या वर गेली. नियमाप्रमाणे बँकेनं ते आयकर खात्याला कळवलं, आणि नोटीस आली ती आईच्या नावावर. इंग्रजीत, आणि पॅन कार्ड काढताना एका सायबर कॅफेवाल्यानं टाकलेल्या ईमेलवर. ती वाचली कधी गेली असेल याची कल्पना आपण करू शकता.

ती माउली माझ्यापुढं एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसली. पिशवीत मुलानं सुट्टीला येताना आणलेल्या एक्स्चेंज हाऊसच्या पावत्या होत्या, रबर लावून वर्षावार बांधलेल्या. यापेक्षा नेटका हिशेब मी मोठ्या दुकानदारांकडेही पाहिला नाही. पण त्या पावत्या थर्मल कागदावरच्या. जुन्या साऱ्या कोऱ्या पडल्या होत्या, उजेडात तिरप्या धरल्या तर एखादा आकडा दिसायचा.

महोदया, या पैशावर कर देय नव्हता. अनिवासी माणसाचा परदेशातला पगार इथं करपात्र नाही. मुलानं आईला दिलेल्या रकमेवरही कर नाही, मग ती कितीही असो. ठेवींच्या व्याजाचा प्रश्न तेवढा वेगळा, त्यावर जो कर बसतो तो भरायलाच हवा. पण मुद्दल कुठून आलं हे पटलं नाही, तर तीच रक्कम अज्ञात स्रोताचं उत्पन्न धरून तिच्यावर जबर दरानं कर लावता येतो. म्हणजे फैसला सगळा पुराव्यावर.

आम्ही आईचं खातं असलेल्या बँकेत गेलो. परदेशातून पैसा आल्याचा दाखला द्या म्हटलं. उत्तर मिळालं, आमच्याकडे परकी चलन आलंच नाही, आमच्याकडे रुपयेच आले. आणि ते खरंही होतं. आखातातली एक्स्चेंज हाऊस भारतातल्या एखाद्या बँकेशी करार करतात, त्याला रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट म्हणतात. परकी चलन त्या भागीदार बँकेकडे जमा होतं आणि तिथून सोलापूरच्या खात्यात साध्या एनईएफटीनं रुपये येतात. पासबुकात एक्स्चेंज हाऊसचं अर्धवट नाव आणि एक लांबलचक क्रमांक, एवढंच छापलेलं. मग भागीदार बँकेला लिहिलं. ते म्हणाले, या बाई आमच्या ग्राहक नाहीत. एक बँक परकी चलन मिळाल्याची नोंद बाळगून आहे पण दाखला देत नाही, दुसरी दाखला देऊ शकली असती पण तिच्याकडे नोंद नाही. मधल्या मध्ये विडी वळणारी बाई अडकली.

त्यात भर म्हणजे मनी लाँडरिंग कायद्याखाली बँकांवर व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं जपण्याचं बंधन आहे. त्याआधीचं रेकॉर्ड मागितलं की शाखेतून ‘मिळत नाही’ हेच ऐकू येतं. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, तेव्हा अनेकांच्या शाखांचे संकेतांक (आयएफएससी) बदलले, पासबुकं बदलली. घर मात्र माणूस पाच वर्षांच्या बचतीतून घेत नाही, पंधरा-वीस वर्षांच्या बचतीतून घेतो.

पगाराचा दाखला आणा, हीदेखील नेहमीची मागणी. अमेरिकेतल्या मुलाला ते सोपं आहे, त्याची पे-स्लिप दोन मिनिटांत मोबाइलवर येते. संयुक्त अरब अमिरातीत पगार बँकेमार्फत देण्याची सक्तीची व्यवस्था २००९ मध्ये सुरू झाली. त्याआधी कितीतरी साइटवर पगार रोख मिळायचा, वहीत सही करून. ती कंपनीच आज अस्तित्वात नसेल तर दाखला कुणाकडून आणायचा? हातात उरतं ते अरबीतलं कामाचं करारपत्र आणि पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के. माझ्या मते तेवढं पुरेसं मानायला हवं. वेल्डरचा व्हिसा, इतकी वर्षं मुक्काम, दर महिन्याला पाठवलेली बेताची रक्कम: या तिन्हींचा मेळ बसत असेल तर आणखी काय सिद्ध करायचं राहतं?

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहितो. परदेशातून आलेला माणूस फ्लॅट बघायला जातो तेव्हा बोलणी होताना त्याला विचारलं जातं, ‘चेक किती, रोख किती?’ रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, आसपास चेकनं द्या, वरचे रोख द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास कायद्यानं मनाई आहे, तरी हे उघड चालतं. ज्याचा सगळा पैसा बँकेत आहे, पांढरा आहे, तो या बाजारात नको असलेलं गिऱ्हाईक ठरतो. शेवटी नाइलाजानं तो खात्यातून रोकड काढतो आणि स्वतःच्या घामाचा स्वच्छ पैसा स्वतःच्या हातानं काळा करतो. पुढं घर विकून पैसे परत न्यायचे म्हटलं तर खरेदीखतावर किंमत कमी, म्हणून तिथंही तोच अडतो. चौकशी घर घेणाऱ्याच्या मागे लागते. रोख मागणाऱ्याला कुणी नोटीस पाठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तपासणीची धार त्या बाजूला वळवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. ही रक्कम मोजता येते कारण प्रत्येक व्यवहाराची नोंद बँकिंग यंत्रणेत होते. कुटुंबाच्या खर्चासाठी आलेल्या पैशाला तर स्वतंत्र हेतू-कोडही आहे, पी १३०१. मग तीच नोंद पैसे घेणाऱ्याच्या नावानं, त्याच्या पासबुकापर्यंत पोहोचवायला अडचण कसली?

माझी मागणी हीच आहे. एक्स्चेंज हाऊसकडून रुपयांत आलेल्या प्रत्येक रकमेबरोबर ती परदेशातून आली, कुठल्या देशातून आली, कुणी पाठवली हे खातं असलेल्या बँकेला कळावं, आणि त्या बँकेनं मागताक्षणी वर्षावार दाखला द्यावा. जुन्या रकमांसाठी भागीदार बँकेनं ‘आमचा ग्राहक नाही’ हे कारण पुढं करू नये. परदेशातून आलेल्या पैशाच्या नोंदी पाच वर्षांवर थांबू नयेत. आणि घरखरेदीसाठी कुठली कागदपत्रं पुरेशी आहेत याची एकच लेखी यादी रिझर्व्ह बँक आणि आयकर खात्यानं मिळून, मराठीतही, काढावी. आज प्रत्येक शाखेची यादी वेगळी असते, आणि दुसऱ्यांदा गेलं की वाढलेली असते. कुलमुखत्यारपत्र दूतावासात साक्षांकित करून आणणं, इथं आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरणं, हे लोक बिनबोभाट करतात, कारण त्याचा नियम ठरलेला आहे.

आणखी एक. आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असतं. त्यात एनआरई खातं उघडायला सांगावं, तिथंच अर्ज भरून घ्यावा. त्या मुलानं आईच्या खात्याऐवजी स्वतःच्या एनआरई खात्यात पैसे टाकले असते तर मुद्दलाचा स्रोत आपोआप सिद्ध झाला असता आणि व्याजही करमुक्त राहिलं असतं. त्याला हे कुणी सांगितलंच नाही.

सिद्धेश्वराच्या यात्रेला, जानेवारीत, आमची बरीच माणसं सुट्टी काढून सोलापूरला येतात. गड्डा, म्हणजे यात्रेतला बाजार, फिरून झाला की फ्लॅट बघतात, इसार देतात, आणि पंधरा दिवसांत परत जातात. येत्या यात्रेआधी बँकांना याबाबत परिपत्रक जावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
सोलापुरातील एक कर सल्लागार

प्रत माहितीसाठी : मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य