खोली आहे, भाडं भरलंय, करारनामा नाही: सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचा भत्ता देणारी आपल्या खात्याची स्वाधार योजना. या आठवड्यात तिचे आणखी काही अर्ज त्रुटीत परत आले. शेरा तोच, ‘भाडेकरार जोडलेला नाही’. मुलं कोपरखैरणे, घणसोली, नेरूळला राहताहेत, भाडं भरताहेत, कॉलेजात त्यांची हजेरी लागते आहे. फक्त तो कागद नाही. तो का मिळत नाही हे आपल्या खात्याला माहीत नसेल तर ऐका.

नवी मुंबईत बाहेरगावचा विद्यार्थी खोली घेत नाही, कॉट घेतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये चार कॉट, बेडरूममध्ये तीन. फ्लॅटचा मालक एक, पीजी चालवणारा दुसरा. चालवणाऱ्याने स्वतःच 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरारावर, फ्लॅट घेतलेला असतो आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं त्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तो कॉटवाल्याला करार देणार कुठून? वहीतली पावती फाडून देतो, तीही मागितली तर. गावठाणातल्या इमारतीत मालक खालच्या मजल्यावरच राहतो, पण बांधकाम गरजेपोटी विनापरवाना झालेलं, नियमित होण्याची वाट बघणारं. सरकारी नोंदीत जायला तो धजावत नाही.

समजा एखादा मालक तयार झाला. 1 आरकेचं (एक खोली आणि स्वयंपाकघर) भाडं 12,000 आणि डिपॉझिट 50,000 धरा. अकरा महिन्यांचं भाडं 1,32,000, त्यात डिपॉझिटवर 10 टक्के दराने धरलेलं व्याज साधारण 4,600. या बेरजेवर 0.25 टक्के म्हणजे साडेतीनशेच्या आसपास स्टॅम्प ड्युटी, वर नोंदणी फी 1,000 आणि ऑनलाइन दस्त हाताळणीचे 300. खर्च झेपण्यासारखा आहे. काम अडतं नोंदणीवेळच्या अंगठ्यावर. अकरावीला आलेला मुलगा 16-17 वर्षांचा, त्याला स्वतःच्या नावावर करार करता येत नाही. मग बीड-परभणीहून बापाला बोलवायचं. ऊसतोडीला जाणारा माणूस तो, दोन दिवसांची मजुरी बुडवून रात्रभर एसटीने येतो आणि मशीनवर अंगठा ठेवतो. रेषा झिजलेल्या, आधारशी जुळत नाहीत. हात पुसून पुन्हा, दुसरं बोट, तिसरं बोट. नाहीच जुळलं तर तसाच परत. ज्याच्या कष्टाच्या हातांसाठी ही योजना काढली, त्याचेच हात तुमच्या व्यवस्थेला ओळखू येत नाहीत. याची लाज वाटायला हवी, महोदय.

आणि कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर कुणी ते खोटं ठरवत नाही. म्हणजे 1999 चा कायदा मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि सामाजिक न्याय खातं ठेवत नाही. चूक मालकाची, शिक्षा मात्र मुलाला.

आता पैशांचं. नवी मुंबई-ठाण्यासाठी स्वाधारचे वर्षाला 60,000, त्यात भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. निवासाचे दहा महिने धरले तर महिना 2,000. घणसोलीत साधी कॉट साडेसहा हजारांना पडते, डिपॉझिट दोन महिन्यांचं. पहिल्या दिवशी 19,500 मोजावे लागतात. वर्षाचा निवास भत्ता तिथेच संपला, अजून गादी-बादली घ्यायचीच आहे. तोही हातात येतो परीक्षा झाल्यावर, कधी पुढच्या वर्षी. सावकाराकडून उचललेल्या पैशांचं व्याज कोणत्या शीर्षाखाली मिळतं?

ठाण्यापलीकडच्या दिवा स्टेशनजवळ स्वस्त पडतं म्हणून मुलं तिकडे जातात. सकाळी दिव्याहून लोकलमध्ये घुसायचं, ठाण्याला उतरून पूल चढायचा, 9-10 नंबरच्या फलाटावर नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल गाठायची. ठाण्याला न उतरता जाता येईल असा कळवा-ऐरोली जोडमार्ग मुंबई लोकलच्या एमयूटीपी-3 प्रकल्पात 2016 ला मंजूर झाला, मुलं अजून पूलच चढताहेत. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 ची. सेक्टर आखले, कॉलेजांना भूखंड दिले, घरांच्या सोडती काढल्या, आणि त्या कॉलेजांत येणारी मुलं झोपणार कुठे, हा प्रश्न इस्टेट एजंटवर सोडला. एका महिन्याचं भाडं दलाली, 11 महिन्यांनी पुन्हा दलाली. रेल्वे एकाची, भूखंड दुसऱ्याचा, भत्ता तिसऱ्याचा. मुलगा कुणाचाच नाही.

मागणं अवघड नाही. नोंदणीकृत करार नसेल तर पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, तीन महिने यूपीआयने भरलेल्या भाड्याच्या नोंदी आणि कॉलेजचा दाखला, हे एकत्र पुरावा म्हणून घ्या. शंका आली तर माणूस पाठवून कॉट बघा. निवास भत्त्याचा निम्मा हप्ता प्रवेशाची पावती अपलोड होताच खात्यात टाका, आणि महामुंबईसाठी 20,000 चा आकडा बदला. अल्पवयीन मुलांच्या पालकांचा अंगठा त्यांच्याच तालुक्यात घेण्याची सोय करा, रेषा जुळत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनने.

त्रुटीत काढलेल्या अर्जांची पूर्ततेची मुदत संपत आली आहे. ती वाढवण्याचा आदेश तेवढा आधी काढा.

आपले,
कोपरखैरणे-घणसोलीत नव्या विद्यार्थ्यांना जागा शोधून देणारे कार्यकर्ते