ह्यात माझं किती?

सांगली

प्रिय शऱ्या,

आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे होते तसेच. हे घरातून फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितोय, आणि तुला सोडून हे कुणाला कळणारही नाही.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे लॅबमध्ये, तयार केलेल्या आमच्या गर्भांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या, ज्याची पुढे वार होते त्यातल्या, चार-सहा पेशी काढून गुणसूत्रं मोजतात, तो. (मुलगा की मुलगी ते लिहीत नाहीत, कायदाच आहे.) ४ गर्भांपैकी ३ सरळ अ‍ॅबनॉर्मल, एक मोझेक, म्हणजे काही पेशी बरोबर, काही चुकलेल्या. नंदिनीनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "माझं वय." ३८ची आहे ती. तिच्या लेखी निकाल लागला.

त्याच आठवड्यात माझा डीएफआय आला. किती शुक्राणूंचा डीएनए तुटलाय ते त्यात कळतं. ३० टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर जास्त धरतात, माझा ३८ टक्के. साधा रिपोर्ट मात्र उत्तम! मिलिलीटरला ६ कोटी; जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. तेवढ्यावर मी घरात 'नॉर्मल' ठरलो आणि सगळं खापर हिच्यावर फुटलं. धाकटीच्या डोहाळजेवणात ही ओटी भरायला नारळ घेऊन उभी होती. काकूनं तो नारळ तिच्या हातातून काढून शेजारणीला दिला. कुणी काही बोललं नाही. अजून डोकं तापतं माझं.

मी डॉक्टरांना विचारलं, ह्यात माझं किती? त्या म्हणाल्या, अशी वाटणी करता येत नाही. गुणसूत्रांची संख्या चुकते ती बहुतेकदा अंड्यात, आणि बाईच्या वयाबरोबर ते वाढतं. डाऊन सिंड्रोममधलं जादा २१वं गुणसूत्र नव्वद टक्क्यांच्या आसपास आईकडूनच आलेलं असतं. पण एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असलेल्या, मुलांत जवळपास निम्म्या वेळा जादा गुणसूत्र बापाचं. आणि तुटलेला डीएनए ही आणखी वेगळी भानगड. शुक्राणूला स्वतःची मोडतोड दुरुस्त करता येत नाही, ते काम अंडं करतं. वय वाढलं की त्याची ती ताकद कमी होते. पहिले दोन-तीन दिवस गर्भ अंड्याच्या शिदोरीवर चालतो, बापाची जनुकं कामाला लागतात ती नंतर, म्हणून तिसऱ्या दिवशी छान दिसणारा गर्भ पुढे अडखळतो. दुरुस्ती राहून गेली तर पेशी विभागताना तुकडे हरवू शकतात. डीएफआय जास्त म्हणजे गर्भ अ‍ॅबनॉर्मलच, असं मात्र कुणी छातीठोक सांगत नाही. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही.

म्हणजे बघ लेका, माझी मोडतोड निस्तरायची हिच्या अंड्यानं, आणि बोलणी खायची तीही हिनंच. हे घशाखाली उतरत नाही.

नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर थांबायचं ठरलंय. व्हेरिकोसिलसाठी, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात का ते बघायला, सोनोग्राफी झाली, दोघांचं रक्त कॅरिओटाइपला, म्हणजे आमची स्वतःची गुणसूत्रं तपासायला, गेलंय. आकडा उतरलाच नाही तर वृषणातून थेट शुक्राणू घेऊन इक्सी करू, म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं अंड्यात सोडू, असं डॉक्टर म्हणाल्या, तिथल्या शुक्राणूंत मोडतोड कमी असते. तंबाखू बंद. हसू नकोस! पन्हाळ्याच्या घाटात तू फेकलेली पुडी माझ्या पैशांची होती, ते भांडण अजून मिटलेलं नाही. आणि त्या रात्री स्कूटर ढकलत कोण आलं, तेही लक्षात आहे माझ्या.

मला आईला आणि काकूला समोर बसवून माझा रिपोर्ट दाखवायचाय. नंदिनी नको म्हणते. "तुझं नाव लागलं म्हणून माझं वय कमी होणार आहे का? आधी एकीला बोलत होते, मग दोघांना बोलतील." तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. पण मी गप्प बसलो की काकूचंच खरं ठरतं, रोज, प्रत्येक हळदीकुंकवाला.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिऊचा दात पडलेला फोटो पाहिला, वहिनींसारखी हसते. दुकानाचं कर्ज फिटलं का तेही कळव.

तू तेव्हा अण्णांना सगळ्यांसमोर सांगितलं होतंस. वहिनींना आधी विचारलं होतंस, की न विचारताच? आणि नंतर त्या काय म्हणाल्या? खरं काय ते लिही. कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायच्या आत मला आईशी बोलायचंय.

तुझा,
दिल्या