वयाच्या अठराव्या वर्षानंतर व्यवसायोपचार कुठे मिळतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२७ ऑक्टोबरच्या जागतिक व्यवसायोपचार दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, दिव्यांग माणसाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार. छायाचित्रांत सगळी लहान मुलेच होती. कुणी मोठ्या चेंडूवर, कुणी झोक्यावर, कुणी मणी ओवताना. काम चांगलेच आहे ते. पण हीच मुले पुढे पंचविशीची, चाळिशीची होतात, त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

महालात माझे बाइंडिंगचे दुकान आहे. आमच्याकडे एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) तरुण फर्म्यांच्या, म्हणजे पुस्तकाच्या छापील कागदांच्या, घड्या घालतो. घडी अशी की पट्टी लावून पाहावी. पण उन्हाळा लागला की दुपारी तो कान दाबून बाहेर जाऊन बसायचा. घरचे म्हणत, उन्हाचा त्रास. कारागीर म्हणत, कामाचा कंटाळा. शेवटी त्याची आई ओळखीच्या एका व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंना दुकानात घेऊन आली. त्यांनी त्याला फारसे काही विचारले नाही, कोपऱ्यात बसून दुकान पाहिले. त्याच्या पाठीशी कूलर घरघरत होता आणि कटिंग मशीनचे पाते मधूनच धाडकन खाली येत होते. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्याचे कुणी ऐकले नसते, बाईंनी तसे सांगितलेही नाही. त्याचे टेबल आतल्या खोलीच्या दाराशी नेले. पाते पाडण्याआधी मशीनवाल्याने आवाज द्यायचा, असे ठरले. दिवसाची कामे चित्रांनी एका पुठ्ठ्यावर क्रमाने लावली, आणि मधेच काम बदलायचे तर त्याला आधी सांगायचे. खर्च काय, तर तिथे उजेडासाठी एका ट्यूबलाइटची वायर. आता पोरगा दिवसभर कामावर असतो.

दुसरी एक मुलगी सेरेब्रल पाल्सी असलेली, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असलेली, पुठ्ठ्याला खळ लावते. तिच्या ब्रशची मूठ कापड गुंडाळून जाड केली आणि पायाखाली फळी दिली. पाय टेकले की शरीर सावरते, मग हातही कमी थरथरतो. हे आम्हाला कोण सांगणार होते?

सरकारी व्यवस्था मात्र वयाशी अडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. विशेष शाळाही त्याच सुमारास संपते. पुढे घर, नाहीतर एखादी कार्यशाळा, जिथे हाताला जमो न जमो, सगळ्यांनी पणत्याच रंगवायच्या. याला पुनर्वसन म्हणायला मी तयार नाही. मोठ्या माणसाला स्वतः आंघोळ करता येणे, सीताबर्डीला मेट्रो बदलता येणे, पगाराचा हिशेब ठेवता येणे, हे सगळे याच उपचारात बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशांसाठी आहे. खासगी मालकांकडे किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून प्रोत्साहन द्यावे, असेही कायदा म्हणतो. आम्हा छोट्या दुकानदारांना पैशाच्या प्रोत्साहनापेक्षा तासभर येऊन दुकान पाहणारा जाणकार हवा आहे.

आणि असे जाणकार नागपुरातच तयार होतात. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, व्यवसायोपचाराची पदवी मिळते, त्यात इंटर्नशिप असते. त्यातला काही काळ वॉर्डाबाहेर, इतवारीच्या दुकानांत, हिंगण्याच्या कारखान्यांत, लोकांच्या स्वयंपाकघरांत का घालवू नये? सोबत एक अनुभवी तज्ज्ञ आणि एक गाडी लागेल. महापालिकेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो, त्यातून हे सहज निघेल. तीनचाकी वाटपाचा फोटो चांगला येतो हे मान्य, पण ब्रशची मूठ जाड करणाऱ्यालाही त्यातून मानधन द्या.

मेडिकलच्या ओपीडीत प्रौढांसाठी एखादी संध्याकाळची वेळही ठेवावी. नोकरी करणाऱ्याने सकाळी रांगेत उभे राहायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो.

मेडिकलने विद्यार्थी पाठवायचे ठरवले, तर सुरुवात माझ्या दुकानापासून करायला हरकत नाही.

आपला,
एक बाइंडिंग व्यावसायिक
महाल, नागपूर