मावशी, तुम्ही ‘का’ विचारलं नाहीत

मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी नव्या खजिनदारांच्या हातात एक हजार सहाशे रुपये ठेवले आणि पावती घेतली. एकविसावी आणि शेवटची पावती. ती तुम्हाला दाखवायला आलो, तर तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, "सतरंज्या उचलल्या का?" आभार मानायला तुम्ही जागाच ठेवत नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी माझं पाप माझ्याच तोंडाने सांगतो. मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, खजिनदार मी होतो. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, कोंबड्या, भाजीपाला आणतात, त्याचा लिलाव होतो. ते पैसे माझ्या कपाटात होते. सोलापूरच्या पूर्वभागात माझे चार यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. त्या दिवाळीत माल नेणाऱ्याने पैसे अडकवले, सूतवाला रोज दारात, कामगारांचा पगार डोक्यावर. आठ दिवसांत ठेवतो परत, असं म्हणून मी उचलले. आठ दिवसांनी पुन्हा उचलले. वहीत मात्र शिल्लक पूर्ण लिहीत राहिलो. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बहिणीने पदराच्या गाठीत बांधून आणलेली दोन मापटी ज्वारी होती त्या लिलावात. ती गाठ तिला सुटेना, म्हणून मीच सोडून दिली होती. तिच्या ज्वारीचे पैसेही त्यातच गेले.

मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची असते. न थांबवता चालवत राहिलं, तर कापडभर रेघ पडते. हे मी पोरांना रोज सांगायचो आणि स्वतः तीन महिने माग चालू ठेवला होता.

डिसेंबरात पंचांनी हिशेब मागितला आणि मी उपासनेला जाणं सोडलं. नाताळच्या सकाळी घरात सांगितलं, ताप आहे. मुलं नवे कपडे घालून आईबरोबर गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

भोगीच्या दिवशी तुमचा निरोप आला, "जेवायला ये." सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, नंदीध्वजांच्या उंच काठ्या शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला निघालेल्या, रस्ते बंद. रिक्षावाल्याने अर्ध्यात सोडलं. पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीतून मी चालत आलो आणि वाटेत दोनदा मागे वळलो. आज पहिल्यांदाच सांगतोय हे.

तुम्ही म्हणालात, "बस की आधी." शेजारच्या काकूंनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पाठवली होती. तुम्ही तीच माझ्या ताटात वाढलीत. बाजूला शेंगाचटणी, तिच्यावर तेलाची धार. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. "जेव," म्हणालात. जेवण होईपर्यंत बहिणीच्या गुडघ्याची, पाण्याच्या टाकीची चौकशी केलीत. हात धुऊन आलो तेव्हा विचारलंत, "किती?"

मी म्हटलं, "थोडे होते, मावशी, माल अडकला म्हणून..."

"का ते नको. किती?"

"तीसेक हजार."

"तीसेक म्हणजे?"

"एक्केचाळीस हजार सहाशे."

तो आकडा मी तोपर्यंत माझ्या बायकोलाही सांगितला नव्हता. ‘का’चं उत्तर माझ्याकडे तयार होतं. बाजार, सूत, पोरांची फी, सगळं पाठ होतं. त्या ‘का’च्या आड मी तीन महिने लपलो होतो, आणि तुम्ही ते दारच उघडलं नाहीत.

मग तुम्ही आईचं जुनं बायबल काढलंत, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. पुण्याच्या गाडीत दौंड मागे पडलं की केडगाव लागतं, तिथे बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून ते केलं, साध्या बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून आलं. तुमची आई त्याच्यावरच अक्षरं गिरवायला शिकली, हे तुम्ही किती अभिमानाने सांगता!

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय तुम्ही बोट ठेवून वाचलात. महायाजकाच्या वाड्यात प्रभूचा शिष्य पेत्र कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, तिथेच त्याने प्रभूला नाकारलं. आणि पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठी प्रभूने पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवून ठेवला, मासळी आणि भाकर भाजली, न्याहारीला बोलावलं. "खाणं झाल्यावर विचारलं बघ," तुम्ही म्हणालात. "आणि का नाकारलंस, असं एकदाही विचारलं नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच. तीनदा. आणि लगेच काम दिलं."

मी म्हटलं, पैसे गुपचूप परत ठेवतो आणि बाजूला होतो. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. "पैसे तर प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदानेही परत केले. तीस नाणी. याजक त्याला काय म्हणाले? तुझं तू बघ. आणि तो एकटाच निघून गेला. तू पैसे परत कर, पण तूही परत ये. तुझं तू बघ, असं आपल्यात म्हणायचं नाही."

मंडळीच्या सभेत मी उभा राहिलो तेव्हा पाय थरथरत होते. तुम्ही पुढे माझ्या बायकोशेजारी तिचा हात धरून बसला होता. लोक रागावले, त्यांना हक्कच होता. पद गेलं. महिना दोन हजार ठरले. बाहेर आल्यावर तुम्ही स्वच्छ सांगितलंत, "पैशाचं काम पुन्हा मागू नकोस. क्षमा झाली. पण किल्ली वेगळी." तेव्हा लागलं. आज वाटतं, बरं झालं सांगितलंत. त्यानंतर दर रविवारी लवकर येऊन सतरंज्या घालतो, शेवटी उचलतो. झटकताना धूळ नाकात जाते, तरी ते काम दुसऱ्या कुणाला द्यायची माझी इच्छा नाही.

त्या म्हाताऱ्या बहिणीच्या घरीही जाऊन आलो. तिने चहा केला.

परवा मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, चढवला, जाड लूपच्या पांढऱ्या टॉवेलचा. आणि भोगीला बांधून दिलेल्या शेंगाचटणीचा तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. झाकणावर तुमच्या आईचं नाव कोरलंय. शनिवारी घेऊन येतो, मावशी. रिकामा आणणार नाही.

तुमचा,
सतरंज्यांवाला